वास वर्षातून दोनदा येतो : इंदूरमधल्या टाकीगळतीच्या कामाच्या नोंदी

११ एप्रिल

वाड्यात पहिली फेरी झाली. रस्त्यापलीकडे पेट्रोल पंप आहे, अलीकडे आग्नेयेला साधारण एकशे तीस मीटरवर वाडा. जमिनीचा उतार पश्चिमेला, नाल्याकडे. विहीर जुनी, वरचे पंधरा फूट दगडी बांधकाम आणि खाली कातळात फोडलेली. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे धुणंभांडी, झाडं, अंगण सगळं विहिरीवर चालतं. पाण्याला पेट्रोलचा वास येतो अशी दोन वर्षांपासूनची तक्रार आहे. आज मला काहीच वास आला नाही. वाफा मोजायचं मीटर काठावरून दोरीने आत सोडलं, तरी शून्य.

वाड्यातल्या आजी ओट्यावर बसून हे बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, तू चुकीच्या महिन्यात आलीस. वास वर्षातून दोनदा येतो. पहिला पाऊस पडला की मोरीतून, चार दिवस. मग थांबतो. आणि गौरी-गणपतीच्या सुमारास विहिरीतून, तो दसऱ्यापर्यंत जात नाही." आधी जे कोणी बघायला आले त्यांनी गटाराचा वास म्हणून सांगितलं होतं. त्यावर आजी म्हणाल्या, "गटार मला कळतं. हा रॉकेलसारखा, पण गोडसर."

वहीत हे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. वास दोनदा का यावा, हे आज मला सांगता येत नाही.

काम घेताना एकच अट घातली आहे. अहवाल पंपवाल्यांना आणि वाडेकऱ्यांना एकाच दिवशी मिळेल, आणि दोघांच्या हातात एकच मजकूर असेल.

रात्री हिशेब केला. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझिन, म्हणजे कर्करोग करू शकणारं रसायन, आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का चालतं. म्हणजे एका लिटरमध्ये १० मिली, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. एका लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझिन पाण्यात उतरलं तर ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मर्यादेला पोचतं. पाच हजार लिटरचे १७६ टँकर. आणि टाकीतून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर जातं.

१६ एप्रिल

पंपावर गेले. वीस-वीस किलोलिटरच्या तीन लोखंडी टाक्या आहेत, दोन पेट्रोलच्या, एक डिझेलची. व्यास दोन मीटर, तळ जमिनीखाली ३.२ मीटरवर. मॅनेजर अदबीने बोलले, चहा दिला. टाक्यांची दाबचाचणी झालेली आहे, कागद आहे, म्हणाले. कागद पाहिला. चाचणी पाइपलाइनची होती, टाकीची नव्हे.

डिपची, म्हणजे टाकीत रॉड बुडवून रोज साठा मोजल्याची, रजिस्टरं मागितली. तीन वर्षांची मिळाली. घरी नेऊन वाचायची आहेत.

२३ एप्रिल

उन्हाळ्यात इथे नव्या बोरिंगवर बंदी असते, राज्याच्या १९८६ च्या पेयजल परिरक्षण कायद्याखाली. आमच्या निरीक्षण विहिरी पाणी उपसायला नाहीत हे लिहून परवानगी मिळवण्यात आठवडा गेला. तेवढ्यात हाताच्या ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, काळ्या मातीत सहा भोकं घेतली. जमीन भेगाळली आहे, काही भेगांत मनगटापर्यंत हात जातो. नमुने काचेच्या बरण्यांत, तोंडापर्यंत दाबून, बर्फात ठेवले.

२ मे

बोरिंगची गाडी आली. तमिळनाडूच्या तिरुचेंगोडची, भारतभर फिरते तशी. मुलं कामाला तरबेज, पण त्यांची सवय पाण्यासाठी खोदायची. आम्हाला लिटरमागे मायक्रोग्रॅम मोजायचे असतात, म्हणून दोन गोष्टींवरून सकाळीच थांबावं लागलं.

पहिली गोष्ट हॅमरच्या तेलाची. दगड फोडणाऱ्या हॅमरला हवेबरोबर सतत तेल द्यावं लागतं, आणि ते खनिज तेल असतं. भोकात तेच फवारलं जातं आणि मग प्रयोगशाळा सांगते की पाण्यात खनिज तेल सापडलं. तपास करणाराच गुन्हेगार ठरतो. खाद्यतेल वापरायचं ठरवलं. माळव्यात सोयाबीनच्या तेलाला काय तोटा, कोपऱ्यावरच्या किराण्यातून पंधरा किलोचा डबा आणला. ड्रिलर आधी नाही म्हणत होता. दहा मीटर खोदून झाल्यावर बिट काढून बोटाने चाचपली आणि म्हणाला, "चलेगा मॅडम."

दुसरी गोष्ट पाइपाच्या सोल्यूशनची. पीव्हीसीचे तुकडे जोडायला ते लावायची सगळ्यांना सवय असते, आणि त्यात जे द्रावक असतात ते महिनोन् महिने पाण्यात उतरत राहतात. आमचे पाइप आट्यांचे होते, तरी एका पोराने "पक्कं बसावं म्हणून" डबी उघडलीच. तो पाइप बाजूला ठेवून दिला.

आणखी एक. पाइपाच्या भोवती वरून पाणी झिरपू नये म्हणून बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती, भरतात. कोणीतरी सुचवलं की काळी मातीच भरा, तीही फुगते. खरं आहे, दोन्हींत फुगणारं खनिज एकाच कुळातलं. पण काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की हात आत जातो. बेंटोनाइटच भरलं, तेही पाणी टाकून टाकून.

६ मे

तीन विहिरी पूर्ण. थर सगळीकडे साधारण सारखे. अडीच मीटर काळी माती, मग पिवळट माती आणि मुरूम सात मीटरपर्यंत, त्याखाली फुटका काळा दगड, मग घट्ट कातळ. अठरा मीटरवर लाल मातीची पट्टी लागली, म्हणजे एक लाव्हाप्रवाह संपून खालचा सुरू झाला. हा सगळा दख्खनचा बसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. अशा दगडाच्या आत पाणी मावत नाही, भेगांत मावतं. शिकताना पाठ केलेलं वाक्य आहे हे. (नंतर वाचताना : पुढच्या नोंदीत मी ते विसरले आहे.)

१४ मे

निरीक्षण विहिरी नि-१, नि-२, नि-३ चे निकाल आले. तिन्ही स्वच्छ. बेंझिन नाही, टोल्युइन नाही. वाड्याची विहीरही स्वच्छ, पाणी बारा मीटरवर. ऑगरच्या नमुन्यांत पंपाच्या कुंपणालगतच्या एका भोकात थोडं पेट्रोल, बाकी काही नाही.

तिन्ही विहिरी मी पश्चिमेला, उताराच्या बाजूला घेतल्या होत्या. अंतरिम अहवालाचा मसुदा लिहायला बसले आणि "पंपाच्या बाहेर दूषण पोचल्याचा पुरावा नाही" असं वाक्य लिहिलंही. ते सही करून गेलं असतं तर फाइल बंद झाली असती. पानाच्या कडेला आजींचे शब्द होते. वास दोनदा येतो. माझ्या तीन विहिरींना त्याचं उत्तर देता येत नव्हतं. मसुदा पाठवला नाही.

१९ मे

सकाळी पुन्हा वाड्यात. विहिरीत उतरायचं नाही हा आमचा नियम आहे, पेट्रोलच्या वाफा हवेपेक्षा जड असतात आणि तळाशी साचतात. टॉर्चने कडा दिसेना. आजींनी आतून घासलेलं पितळी ताट आणलं. नऊ वाजताचं ऊन ताटावर घेऊन त्यांनी अशा हाताने विहिरीत सोडलं की पलीकडची भिंत उजळून निघाली. पूर्वी विहिरीत पडलेली बादली अशीच शोधायचे, म्हणाल्या.

बांधकाम संपतं त्याच्या खाली, साधारण सहा मीटरवर, वायव्येच्या अंगाला एक उभी भेग. दोन बोटं रुंद. तिच्या तोंडाशी तपकिरी ओघळ, कडेला तेलकट काळपटपणा. त्याच्या खाली तीच भेग पांढऱ्या गारेने भरून बंद झालेली. ताट हलवलं की ओघळ चकाकायचा. दुर्बिणीने पाहून त्याचं चित्र काढलं.

भेगेची दिशा होकायंत्राने घेतली. वायव्य-आग्नेय. वायव्येला पंप. वाड्याच्या पलीकडे, त्याच रेषेत, मंगल कार्यालय. त्यांची बोरिंग आहे, आणि लग्नसराईत ती दिवसभर चालू असते.

२७ मे

दोन दिवस पाण्याची पातळी मोजली. एक दिवस कार्यालयाची मोटर बंद ठेवायची त्यांनी कृपा केली. मोटर बंद असताना पाणी हळूहळू पश्चिमेला सरकतं, मी गृहीत धरलं होतं तसंच. मोटर चालू झाल्यावर चार तासांत उतार फिरला, आग्नेयेला. वर्षाचे सहा महिने हा उपसा चालतो आणि त्या काळात उतार त्याच बाजूला राहतो.

त्या रेषेवर, पंप आणि वाडा यांच्या मध्ये, चौथी विहीर घेतली. दोन दिवस थांबून पारदर्शक बेलर, म्हणजे नमुना वर काढायची नळी, सोडला. वर आला तेव्हा खाली स्वच्छ पाणी, वर फिकट पिवळसर थर, मध्ये काचेसारखी रेघ. थराची जाडी १४ सेंटीमीटर. वरची पातळी १०.८६ मीटर, खालची ११.०० मीटर. पेट्रोल पाण्याच्या पाऊणपट जड, म्हणून त्याच्या वजनाने पाणी दबलेलं असतं. दुरुस्त पातळी १०.९० मीटर धरली. विहिरीत दिसतो तेवढा जाड थर जमिनीत नसतो, हे दोन्ही पक्षांना समजावून सांगावं लागेल. आजच्या आज कोणी १४ सेंटीमीटर गुणिले क्षेत्रफळ करून बसेल.

कार्यालयाच्या बोरिंगचाही नमुना घेतला. ४० मिलीच्या कुप्या, आम्ल घालून, बुडबुडा न राहता बंद. या पाण्याला वास नाही, रंग नाही.

संध्याकाळी पंपाला लेखी कळवलं, पेट्रोलच्या दोन्ही टाक्यांतली विक्री थांबवा. त्यांनी थांबवली. तेवढं त्यांच्या बाजूने नोंदवते.

६ जून

कार्यालयाच्या बोरिंगमध्ये बेंझिन लिटरला ३८ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या पावणेचार पट. हे पाणी स्वयंपाकाला वापरतात, पंगतीत पाण्याच्या जगमधून वाढतात. वाड्याच्या विहिरीला वास येतो म्हणून कोणी ते पीत नव्हतं. ज्या पाण्याला वास नाही ते शेकडो माणसं पीत होती. पाण्यातलं बेंझिन नाकाला कळतं ते मिलीग्रॅमच्या घरात, आणि मर्यादा आहे मायक्रोग्रॅममध्ये. नाक इथे शेकडो पटींनी कमी पडतं.

अहवालाची वाट न पाहता संध्याकाळी सातला व्यवस्थापकांना भेटले. उद्या लग्न होतं. ते बराच वेळ गप्प बसले, मग टँकर मागवला. त्यांनी विचारलं, उकळून चालेल का? नाही. उकळल्यावर बेंझिन हवेत जातं, म्हणजे भटारखान्यात, आचाऱ्याच्या छातीत. गरम पाण्याच्या आंघोळीतही तेच. सक्रिय कोळशाचं गाळणं ते धरून ठेवतं, पण किती दिवस, ते तपासत राहावं लागतं.

त्याच नमुन्यात नायट्रेट जवळपास शून्य. वस्तीतल्या बाकीच्या बोरिंगांत भरपूर आहे, सांडपाण्यामुळे. एरवी नायट्रेट नाही ही चांगली बातमी असती. इथे त्याचा अर्थ वेगळा. पेट्रोल खाणारे जीवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग लोखंडाकडे वळतात. नि-४ मध्येही नायट्रेट नाही आणि विरघळलेलं लोह जास्त. पेट्रोल कुठून कुठे गेलं त्याची ही पाऊलवाट.

नर्मदेच्या नळाचाही नमुना घेतला, स्वच्छ आला. पण पंपासमोरच्या चरातून जाणारी एचडीपीईची जोडणी बदलायला सांगितली. बेंझिन, टोल्युइन अशा प्लास्टिकच्या भिंतीतून आत झिरपतात, पाइप फुटलेला नसला तरी.

९ जून

रजिस्टरं वाचून संपवली. तीन रात्री लागल्या. उन्हाळ्यात टाकी क्रमांक दोनमध्ये सतत तूट, शेऱ्यात "बाष्पीभवन". ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच टाकीत पाणी, रॉडला लावायच्या पाणी दाखवणाऱ्या पेस्टचा रंग बदललेला, दोन-तीन सेंटीमीटर. शेऱ्यात "झाकणातून पावसाचं", दुसऱ्या वर्षी "टँकरमधून आलं". पाणी नेहमी साठा कमी असतानाच आलेलं. भरलेल्या टाकीत एकदाही नाही.

हे कळायला कागदावर एक रेघ पुरते. पावसाळ्यात टाकीभोवती पाणी २.४ मीटरवर येतं, टाकीचा तळ ३.२ वर. बाहेरून ८० सेंटीमीटर पाण्याचा दाब. आत पेट्रोल १०८ सेंटीमीटर असेल तर दोन्ही दाब सारखे. त्याहून जास्त असेल तर पेट्रोल बाहेर, कमी असेल तर पाणी आत. तळाला भोक असल्याशिवाय रजिस्टर असं लिहिलं जात नाही. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे आकडे लिहिले होते. वाचणारं कोणी नव्हतं.

१३ जून

टाकी दोन रिकामी करून, वाफा काढून, उघडली. घाई अशासाठी की रिकामी टाकी पावसाळ्यात जमिनीत ठेवता येत नाही. पाणी चढलं की ती होडीसारखी उसळते आणि वरचं काँक्रीट फोडते.

बाहेर काढून आडवी केली. तळाला डिप पाइपच्या बरोबर खाली बशीएवढा खळगा, झिजून चकचकीत, आणि त्याच्या मध्ये हरभऱ्याएवढं आरपार भोक. पितळी टोकाची डिप रॉड रोज सकाळ-संध्याकाळ त्याच जागी आपटत होती, वर्षानुवर्षं. त्या जागी तळाला एक जाड पत्रा जोडायचा असतो. तो या टाकीत कधी बसवलाच नव्हता. मॅनेजर त्या भोकात करंगळी घालून उभे होते. काही बोलले नाहीत.

खड्ड्यातली भिजलेली माती काढून, ताडपत्रीवर पसरून, हवा खेळवत ठेवायला पाठवली. खड्ड्यात स्वच्छ मुरूम आणि वाफा ओढण्यासाठी जाळीचे तीन पाइप.

१८ जून

रात्री पहिला मोठा पाऊस. पहाटे साडेसहाला वाड्यातून फोन, "आला बघ वास." मोरीच्या चेंबरमध्ये मीटर सोडलं. कालपर्यंत जेमतेम हलणारा काटा आज मोजपट्टीच्या अर्ध्यावर.

आता कळलं. उन्हाळाभर मुरमातल्या वाफा काळ्या मातीच्या भेगांतून वर निघून जातात, वाऱ्यावर, कोणाच्या लक्षात न येता. पहिल्या पावसात माती फुगते, भेगा मिटतात, झाकण बसतं. वाफांना वर जायला वाट राहत नाही, मग त्या ड्रेनेजच्या चरात भरलेल्या मुरमातून आडव्या निघतात आणि मोरीत येतात. चार दिवसांनी चरही पाण्याने भरतो आणि वास थांबतो. आजींचा पहिला वास हा.

चेंबरला पाण्याचा सापळा बसवून घेतला. देवघराशेजारीच मोरी आहे, तिथे निरांजन लागतं. मीटरवरचा आकडा पेट घेण्याच्या पातळीच्या बराच खाली होता, तरी मी निरांजन पुढच्या ओट्यावर ठेवायला सांगितलं.

२ ऑगस्ट

गेल्या महिन्यात केंद्राचे दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम, २०२५ निघाले. वाचले. आमच्या कामाला पहिल्यांदाच स्वतःचं असं एक चौकटीचं घर मिळालं. पंपाच्या बाजूने वाफा ओढणं सुरू, नि-४ मधून पेट्रोलही काढतो आहोत. थर आता तीन सेंटीमीटर.

२ सप्टेंबर

गौरींचं विसर्जन. विहिरीत पाणी ५.८ मीटरवर, भेगेच्या तोंडाला लागलेलं. वास आला. पाण्यावर इंद्रधनुषी पातळ साय, वायव्येच्या कोपऱ्यातून निघून पसरणारी.

टाकी जाऊन अडीच महिने झाले तरी हे व्हायचंच होतं. वर्षानुवर्षं सांडलेलं पेट्रोल भूजलाबरोबर उन्हाळ्यात खाली उतरतं, पावसाळ्यात वर चढतं, आणि जाता-येता सात-आठ मीटरचा दगड आणि मुरूम माखून ठेवतं. पाणी सहा मीटरवर आलं की भेग जिवंत होते आणि साठलेलं वाहून विहिरीत येतं. त्याच्या खाली गारेने बंद, म्हणून उन्हाळ्यात विहीर स्वच्छ. नमुने मे महिन्यात घेऊन मोकळे झालो असतो तर विहीर कागदोपत्री कायम शुद्ध राहिली असती.

वाड्यात गौरी दरवर्षी या विहिरीच्या पाण्यात बोळवतात. यंदा आजींनी नळाच्या पाण्याची बादली भरून अंगणात घेतली. मला हळदीकुंकू लावलं. विहीर कधी देशील परत, एवढंच विचारलं. दोन पावसाळे तरी, मी म्हणाले. त्यापेक्षा कमी सांगण्याचा मला हक्क नाही.

१४ ऑक्टोबर

अहवाल सकाळी अकराला पंपाच्या कचेरीत दिला, सव्वाअकराला वाड्यात. मंगल कार्यालयाचा वेगळा भाग त्यांनाही. बोरिंग बंद ठेवली आहे, पण ती पूर्ण बंद राहिली तर पाणी पुन्हा पश्चिमेला वळेल, म्हणून नि-१ ते नि-३ दर महिन्याला तपासायच्या. आज तिन्ही स्वच्छ. नि-४ मध्ये थर नाही, नुसती चकाकी. पाण्याची पातळी ६.७ मीटर, उतरू लागली आहे. विहिरीतली भेग कोरडी पडली की ताट घेऊन पुन्हा बघायचं.

पुढचा नमुना १४ नोव्हेंबर.